वाळा की देवगांडूळ

आमची आई कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये वीस वर्षं बरण्या पुसतेय. पन्नाशीत तिच्या डोक्यात काय किडा वळवळला कोण जाणे, तिने बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. प्रॅक्टिकलला दोन मार्कांनी आपटली आणि यंदा थेट माझ्याच वर्गात येऊन बसली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. पुन्हा नापास झाली तर नाव कायमचं कमी, असा नियम होता.

परीक्षेत नावाच्या चिठ्ठ्या काढून बरण्या मांडतात. प्राणी ओळखायचा, कारण द्यायचं. सातव्या बरणीत गांडुळासारखं लांबडं काहीतरी होतं. सरांनी वर्षभर त्याला वाळा, म्हणजे आंधळा साप म्हणून शिकवलेलं. मी डोळे झाकून तेच खरडलं. आई मात्र भिंग घेऊन बरणीला नाक लावून बसली. तिचा चेहरा उतरला. मग तिने लिहिलं: देवगांडूळ, बेडकाच्या गोतावळ्यातलं, अंगावर वळ्या, खवले नाहीत.

सरांनी तिथल्या तिथे फुली मारली. बेरीज केली, तर पुन्हा दोनच मार्क कमी.

"सर, खवले दाखवा," आई म्हणाली.

सर हसत हसत भिंग घेऊन वाकले. बरणी फिरवली, परत फिरवली आणि हसायचे थांबले. खवले शेजारच्या आठव्या बरणीत होते. म्हणजे हा गृहस्थ अकरा वर्षं चिठ्ठी वाचून शिकवत होता, बरणीत डोकावलाच नव्हता.

"चिठ्ठ्या कुठल्या गाढवाने चिकटवल्या?" सर कडाडले.

रिटायर झालेल्या शिपायावर ढकलता आलं असतं. मी आईला कोपराने ढोसलंसुद्धा.

"मी," आई म्हणाली. अकरा वर्षांपूर्वी फॉर्मालिन बदलताना दोन्ही चिठ्ठ्या सुटल्या होत्या, तिने अंदाजाने डकवल्या, हेही सांगून टाकलं. मला तिचा असा राग आला की रडूच फुटलं.

सरांनी फुली खोडली. आई काठावर पास झाली. माझे दोन मार्क गेले ते गेलेच. आणि दुपारी सरांच्याच सहीचा मेमो आला: चुकीच्या चिठ्ठ्या लावल्याबद्दल लेखी खुलासा करावा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं दोन पानी उत्तर झाडावं म्हणून मी कागद ओढला.

आईने तो माझ्या हातातून काढून घेतला, ओले हात पदराला पुसले आणि एका ओळीत काम उरकलं.

"तेव्हा मी शिकलेली नव्हते, सर होते."