मामाच्या गालावरची पावडर

भूपेशनं मामाच्या तोंडाला पावडर थापली, तीही शेजारच्या रीताच्या लग्नासाठी आणलेल्या डब्यातली. सारा घोळ तिथूनच.

बाबुलालमामा चिमूरकडच्या तलावात जाळं टाकणारे. जन्मात बिडीला हात लावला नाही, तरी फुप्फुसात कॅन्सर निघाला. २००६ साली नागपूरच्या एका दवाखान्यात दोन नव्या गोळ्या जोडीनं देऊन बघत होते, माणसाला किती डोस झेपतो ते. त्यात मामांचं नाव लागलं. महिन्याभरात धाप कमी झाली, जाळं पुन्हा खांद्यावर आलं. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तोंडभर पुटकुळ्या फुटल्या.

“भागीरथाबाई, सांभाळा! बुढा जवान होऊन राह्यला,” तलावाच्या पाळीवर धुणं धुणाऱ्या बाया मामीला चिडवत.

“जवान झाला त् पाणी भरून दे म्हणा!”

भूपेश बारावी पास, म्हणून रोजचं दुखणंखुपणं दवाखान्याच्या वहीत लिहायचं काम त्याचं. त्याला वाटलं, फोड दिसले की मामाला काढतील. गोळ्या बंद, जाळंही बंद. त्यानं ‘तब्येत ठीक’ लिहिलं आणि एस्टी धरण्याआधी मामांना पांढरंफेक केलं. उमरेड येईस्तोवर घामानं गालावर पाट वाहिले.

“हे काय?” डॉक्टरबाई दचकल्या.

“भाच्यानं नवरदेव बनवलं, बाई.”

त्यांनी ओल्या कापसानं गाल पुसला. भूपेशला रडूच आलं. “चुकी माही हाय, मॅडम. मामाले काढू नका.”

“काढत नाही. पण यांना झेपतंय असं समजून पुढच्या तिघांना आम्ही मोठा डोस देणार होतो. त्यांचं काय झालं असतं?”

भूपेशनं पिशवीतून वही काढली. मामाच बोलले, “लिही बे, सारं लिही.”

आठ दिवस गोळ्या बंद, वर मलम, मग कमी डोस. ते आठ दिवस मामांनी श्वास मोजण्यात काढले. भूपेशनं लिहिलं, ‘डाव्या गालावर सतरा फोड. उजवा मोजू देत नाहीत. वांग्यात मीठ जास्त. मामी रागावली.’

धाप काही परतली नाही. कमी डोस सुरू झाला आणि मामा जाळं घेऊन निघाले.

रीता लग्न होऊन भद्रावतीला गेली. माहेरी आली की कुंपणावरून ओरडते, “भूपेशभाऊ, माहा पावडरचा डबा?”

“या बाजारी आणतो!” म्हणत तो मामाच्या मागं लपतो.

“लिही बे,” मामा म्हणतात, “तेही लिही.”