झाडाचं चालू वर्ष

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं मी कार्डिफमध्ये ‘डॉक्टरांची मिसेस’ एवढीच होते. मग एका लॅबमध्ये तीन महिन्यांच्या ट्रायलवर नोकरी मिळाली. स्पेनच्या डोंगरातल्या पाइन झाडांना बारीक भोक पाडून काढलेल्या, पेन्सिलीएवढ्या लाकडी काड्या यायच्या. त्या पॉलिश पेपरने घासायच्या आणि मायक्रोस्कोपखाली त्यांच्यावरचे पट्टे मोजायचे. एक पट्टा म्हणजे झाडाचं एक वर्ष. रुंद असला तर पाणी मिळालं, अरुंद असला तर तहान. जन्मभर तांदूळ निवडलेल्या बाईला हे काम म्हणजे हातचा मळ.

चाळीस काड्यांचा मी पंधरवड्यात फडशा पाडला. बॉसबाईंनी माझे आकडे तिथल्या पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि चष्मा काढला. “तुझी झाडं दुष्काळात मजेत वाढलीत आणि पुढच्या वर्षी भर पावसात उपाशी राहिलीत. शुक्रवारपर्यंत चूक शोध, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी बघावं लागेल.”

मी तीनदा मोजलं. आकडा तोच. पाऊस मोजणारा स्पॅनिश माणूसच झोपला असणार, असं मी घरी ठणकावून सांगितलं. बाथरूममध्ये जाऊन रडलेही. ही नोकरी मला हवी होती.

गुरुवारी, पुण्याहून आलेल्या सासूबाईंना खोकल्यासाठी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेलं. फॉर्म मी भरत होते.

“वय सदुसष्ट लिही,” त्या म्हणाल्या.

“अहो आई, सहासष्ट. गेल्याच महिन्यात वाढदिवस झाला ना.”

“मग सदुसष्टावं चालू नाही का?”

“इथे पूर्ण झालेलीच वर्षं धरतात,” मी ऐटीत म्हणाले, आणि पेन हातातच राहिलं.

काड्या फेब्रुवारीत काढलेल्या. पाइन वाढायला लागतं वसंतात. सालीलगतचा पट्टा गेल्या वर्षीचा, आणि मी त्याला चालू वर्ष लावून मोकळी! चाळीसच्या चाळीस झाडं मी एक वर्ष पुढे ढकलली होती.

शुक्रवारी कबुली दिली. बॉसबाई आधी हसल्या, मग त्यांनी पुन्हा ताडून पाहिलं. दुष्काळाचं वर्ष अरुंद पट्ट्यावर बरोबर येऊन बसलं. पण पुढचं चित्र काही हसण्यासारखं नव्हतं. अगदी उंचावरची झाडं वाढत्या उबेनं फोफावली होती, खालच्या उतारावरची मात्र वर्षागणिक आखडत चालली होती. माझी नोकरी पक्की झाली.

घरी पेढ्यांऐवजी शिरा केला. सासूबाईंनी विचारलं, “सगळ्यात म्हातारं झाड केवढं गं?”

“दोनशे अकरा. पूर्ण.”

“म्हणजे दोनशे बारावं चालू,” त्या समाधानानं म्हणाल्या.

ते झाड खालच्या उतारावरचं होतं. त्याचे शेवटचे पट्टे मोजताना माझे डोळे दुखले होते, इतके ते बारीक. एरवी मी सासूबाईंना लगेच दुरुस्त करते.

“हो आई,” म्हटलं, “चालू आहे.”