गळ्यातली टिकटिक

आमच्या जिल्ह्यात लोक लांबून वाघ पाहायला येतात, आणि मी घरात अंगठ्याएवढी पाखरं पाळतो. हे पाहुण्यांना सांगायचं म्हणजे आधी चहा द्यावा लागतो. झेब्रा फिंच म्हणतात त्यांना. चिमणीहून लहान, चोच लाल, नराच्या गालावर नारिंगी ठिपका. मुलगी लग्न होऊन गडचिरोलीला गेली आणि घर फार गप्प झालं, म्हणून बायकोनं जोडी आणवली. मी विरोध केला होता. पाखरं माझ्याकडे पाठ करून बसतात, ते बहुधा त्यामुळेच.

उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की आमच्याकडे नवरा-बायकोही ओरडून बोलतात. एका दुपारी लाइट गेली, कूलर थांबला, आणि कुठूनतरी टिक्, टिक् ऐकू यायला लागलं. मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. टिकटिक चालूच. मनगटावरचं घड्याळ उशीखाली दाबलं. मग पालीवर संशय आला, म्हणून स्टुलावर चढून ट्यूबलाइटच्या मागे डोकावलो.

"अहो, उतरा खाली," पिंजऱ्याजवळून बायको म्हणाली. "हा वाजून राह्यला."

नर पिसं फुगवून बसला होता. चोच अर्धी उघडी, दर श्वासाला शेपटी खालीवर, आणि गळ्यातून टिक्. तो शेवटचा कधी गायला, ते दोघांनाही आठवेना. कूलरच्या आवाजात आम्ही त्याचं गप्प होणं ऐकलंच नव्हतं.

मी लगेच निदान केलं: धूळ. चंद्रपुरात या निदानाला डॉक्टर व्हावं लागत नाही. ओटा पुसला की फडकं काळं, गच्चीवरचा शर्ट काळा. खोकला आला तर धूळ, डोळा लाल झाला तर धूळ, जावई वेळेवर पोचले नाहीत तरी धूळच. मी पिंजऱ्याभोवती ओली चादर गुंडाळली आणि पाण्याच्या वाटीत अडुळशाचा काढा ओतला. नरानं तो प्यायला नाही, त्यात अंघोळ केली. आता माझ्याकडे टिकटिकणारं हिरवट पाखरू होतं.

"खाते तं आहे न," मी म्हणालो. वाटीत राळ्याची टरफलं दिसत होती.

"खाते कुठी? सोलते अन् टाकून देते. हात लावून पाहा याले."

तिच्या मुठीतल्या त्या पाखराच्या छातीला मी बोट लावलं. मधलं हाड धारेसारखं वर आलं होतं. खोप्यात पिल्लं होती, अजून पिसं न फुटलेली, आणि त्यांना भरवायचं निम्मं काम यानंच अंगावर घेतलेलं. "हा गेला तं एकटीनं इतकी तोंडं कशी भरावी?" बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुळीमुळे आहे, असं म्हणायचं मी टाळलं.

जनावरांच्या दवाखान्यात रांगेत बैल, बकऱ्या आणि बुटाच्या खोक्याला भोकं पाडून आलेले आम्ही. बैलवाल्यानं खोक्यात वाकून पाहिलं. "भाऊ, याच्याहून तं सुई मोठी होईन!"

डॉक्टरबाई तरुण होत्या. "आम्ही पक्षी शिकलो, पण कोंबडीपर्यंत," असं सांगून त्यांनी नागपूरच्या एका वर्गमैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, खोलीत अंधार करा, गळ्याची पिसं ओली करून बाजूला सारा आणि मागून टॉर्च लावा. बायकोनं पाखरू धरलं, बाईंनी पिसं सारली. मला टॉर्च मिळाली, कारण दुसरं काही सोपवण्यासारखं नव्हतं.

पातळ कातडी निखाऱ्यासारखी उजळली. आत श्वासनळी, आणि तिच्यात मिरपूड सांडावी तसे काळे कण.

"सरकला!" मी ओरडलो.

"भाऊ, टॉर्च हलवू नका."

"टॉर्च नाही हो, तो कण सरकला!"

तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. ते किडे होते. श्वासनळीत आणि फुप्फुसाजवळच्या हवेच्या पिशव्यांत घर करणारे, जिवंत, चालते. बाप पिल्लांना भरवतो तेव्हा तेही तोंडातून तोंडात जातात. पाखराच्या गळ्यात एवढा संसार! पाहता पाहता मी पाखरालाच विसरलो. बायकोनं कोपर मारलं.

औषध गुरांचंच, बाईंनी पाखरापुरतं पातळ केलेलं. मानेमागे कातडीवर एक थेंब. "थेंब जास्त झाला तर हा जाईल," त्या म्हणाल्या. "नीट झाला, पण मेलेले किडे नळीत अडकले, तरी जाऊ शकतो. नाही घातला, तर जाणारच. काय करायचं?"

"म्हणजे तसं पाहिलं तर..." मी सुरुवात केली.

"घाला," बायको म्हणाली.

मादीलाही थेंब दिला. पिल्लांना पिसं आल्यावर आणा म्हणाल्या. घरी केलेले उपाय ऐकून त्यांनी विचारलं, "आणि ती ओली चादर कुणी गुंडाळली?" बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढं तिचं मन मोठं.

त्या संध्याकाळी टिकटिक आणखी वाढली. ती नीट ऐकू यावी म्हणून बायकोनं कूलर बंद ठेवला. चंद्रपूरच्या मे महिन्यात याहून मोठी सेवा नाही. मग हळूहळू टिकटिक विरळ झाली. दुसरा थेंब पडला आणि थांबली. पुढे एका सकाळी तो गायला. मध्येच आवाज घोगरा होऊन अडला, खर्र झालं, आणि उरलेलं गाणं पुढे आलं. ती अडखळ मात्र राहूनच गेली.

पिल्लं मोठी झाली, त्यांचेही थेंब झाले. दोघांच्या गालावर नारिंगी ठिपके उमटले. मग एक दिवस त्यांतलं एक गायला लागलं आणि मध्येच: खर्र. दुसरंही तसंच.

पुन्हा बुटाचं खोकं. पुन्हा अंधार, टॉर्च. बाईंनी बराच वेळ पाहिलं. नळी स्वच्छ. मैत्रिणीला विचारलं, तर ती फोनवर हसली. नर पिल्लं बापाचं ऐकून गाणं पाठ करतात, म्हणाली. यांनी ऐकलं तसंच्या तसं घेतलं, खर्रसकट.

"म्हणजे हा आजार नाई?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"अन् औषध?"

"कशाचं देऊ?"

आता घरात तिघं गातात आणि तिघंही त्याच जागी अडखळतात. मादी पुन्हा खोप्यात काथ्या न्यायला लागली आहे. डॉक्टरबाईंनी बजावून ठेवलं आहे: नवी पिल्लं गायला लागली की फोन करा, आजारी नसली तरी.