सरळ बोलणं

गल्लीत तिला तिखटबाई म्हणत. ती कपडे शिवायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाइकाशी गोड, पण नवऱ्याशी बोलताना एक शब्द सरळ येईल तर शपथ. तो कारखान्यातून दमून आला की म्हणायची, "आलात? मला वाटलं, आज तरी सुटले." तो म्हणायचा, "तुझ्या तावडीतून यमही सुटायचा नाही." मग दोघं चहा प्यायची. सगळा संसार असाच झाला. प्रेमाचं म्हणून एक वाक्य दोघांनी कधी उच्चारलं नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, बोलणंही परत आलं. थट्टा तेवढी गेली. कुणी गमतीनं काही बोललं की तो ते जसंच्या तसं खरं धरायचा. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, मेंदूचा तो भागच दुखावलाय, यांच्याशी सरळ बोलत जा. तिनं मान डोलावली, पण जित्याची खोड ती. शिवाय सरळ बोलायची तिला भीतीच वाटत होती. सरळ बोललं की तो पहिला माणूस गेला हे कबूल करावं लागणार. टोमणे मारत राहिलं तर एखाद्या दिवशी तिकडून उत्तर येईल, एवढ्या आशेवर ती तग धरून होती.

एका संध्याकाळी त्याच्या हातून कप फुटला. तो कावराबावरा झाला. हसण्यावारी न्यावं म्हणून ती म्हणाली, "उद्या भंगारवाला आला की तुम्हालाच देऊन टाकते." आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. तो नुसती मान हलवून आत गेला.

दुसऱ्या दिवशी शिवलेले कपडे पोचवून ती परतली, तर तो दाराशी खुर्ची टाकून बसलेला. दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं. अंगात बाहेर जायचा शर्ट, बटणं एक घर चुकलेली. पायाशी पिशवी होती.

"औषधं घेतलीत बरोबर," तो म्हणाला. "सकाळची कुठली, ते त्यांना सांगशील ना?"

हा माणूस रात्रभर हे खरं धरून पडून राहिला, आणि मला का देतेस, एवढंही त्यानं विचारलं नाही. ती तिथंच खाली बसली. त्याची बटणं सोडून पुन्हा नीट लावता लावता म्हणाली, "कुठं जायचं नाही. मला तुम्ही हवे आहात."

"बरं," म्हणून तो चपला काढायला लागला.

त्या दिवसापासून तिनं थट्टेला कुलूप घातलं. औषध घ्या, जेवायला चला, तुम्ही घरात असलात की बरं वाटतं. सगळं सरळ, स्वच्छ. गल्ली म्हणाली, तिखटबाई निवळली. काय कळतं लोकांना!

एका दुपारी ती मशीनवर असताना तो जवळ येऊन उभा राहिला.

"तू हल्ली किती नीट बोलतेस माझ्याशी," तो म्हणाला. "परक्या माणसाशी बोलावं तसं. माझं काही चुकलं का?"

त्याला द्यायला एक झणझणीत उत्तर तिच्या जिभेवर आलं. ते तिनं गिळलं.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली.

त्यानं तेही खरं मानलं.