दाजींनी घातलेला थांबा

सोमवार, सकाळ. चारा छावणीच्या कचेरीत हजर: दूध संस्थेचे चेअरमन नाना, चाऱ्याला आलेल्या राधाकाकू, दाजी आणि त्यांच्या मदतीला मी. बाहेर हंबरणारी जनावरं वेगळी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकदा कळलेली गोष्ट पुन्हा ऐकायचा त्यांच्याइतका कंटाळा केज तालुक्यात कुणाला नसेल. ताईनं “आणखी भाकरी वाढू?” विचारलं, तर म्हणत, “काल सांगितलं की.” संस्थेच्या कॉम्प्युटरवर चाऱ्याची यादी ते एका एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, जुळवत. त्या एडिटरच्या पोटात सूचना द्यायची त्याची स्वतःची छोटी भाषा होती आणि ती भलतीच संथ. दर जनावरापाशी त्याच सूचना पहिल्यापासून वाचायची. तोवर बाहेरची रांग उन्हात. दाजी चिडायचे, “म्हशीगणिक तेच कावून वाचतो बे?” एडिटरची आतली रचना सगळ्यांना खुली होती. दुष्काळातला सगळा हिवाळा ते तिच्यात डोकं घालून बसले. सूचना एकदाच वाचायची, तिचा अर्थ लावून ठेवायचा आणि तोच सगळ्या जनावरांना वापरायचा, अशी सुधारणा त्यांनी केली.

त्या सोमवारी दाजींनी बटण दाबलं आणि यादी समोर. दाजींनी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं.

“दाजी, माझी म्हैस मोजली का न्हाई?” राधाकाकूंनी विचारलं.

“मोजली की. ही बघा.”

“एवढ्यात? गोठ्याकडं बघितलं तरी का त्यानं?”

नाना म्हणाले, “पाहुणे, असलं घाईचं काम वरवरचं असतंय. पुन्हा काढा.”

पुन्हा तीच यादी आली, तितक्याच झटकन. आता रांगही कुजबुजू लागली. चारा उचलायला कुणी पुढं येईना. शेवटी नानांनी हातानं मोजदाद करायला लावली. ती दाजींच्या यादीशी जुळली, पण तोवर जनावरं दुपारपर्यंत उपाशी राहिली.

दुसऱ्या दिवशी दाजींनी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. पडद्यावर ‘मोजणी चालू आहे’ दिसे आणि यंत्र काही न करता थोडा वेळ बसून राही, मग यादी देई. “आज नीट मोजली,” राधाकाकू म्हणाल्या. दाजी हसले. मला एवढंच म्हणाले, “लोकांचा विश्वास बसला की काढू.”

पाऊस झाला, छावणी उठली, पुढं दाजीही वारले. आता त्याच प्रोग्राममधून दुधाची यादी निघते. परवा नानाच वैतागले, “एवढा वेळ कावून लागतोय?”

ती ओळ कुठं आहे, मला ठाऊक आहे. इतर कामं मी त्या त्या दिवशी उरकून वहीतून खोडते. ही ओळ काढायची तेवढी राहिली आहे.