चार नंबरचा पट्टा

दीक्षा गजभियेला तिचा विषय विचारला की ती सांगते, "माणूस आणि संगणक यांचं एकमेकांशी वागणं." त्यावर कॉलेजच्या दारातला चहावाला साईनाथ विचारतो, "म्हणजे मोबाईल रिपेरिंग का?" ती चिडत नाही. संगणक टेबलावरून उठून कपड्यांत, भिंतींत शिरला की माणसं त्याच्याशी कशी वागतात, हे ती पुन्हा पहिल्यापासून समजावते. तेवढ्यात साईनाथ चार चहा विकतो.

मी तिच्या लॅबमध्ये सर्किटं जोडतो. आमच्या करमाळ्याच्या शाळेत संगणकावर कायम कापड झाकलेलं असे आणि ते काढायचा अधिकार फक्त हेडमास्तरांना होता. त्यामुळे या विषयाबद्दल मला आदर फार.

मार्केट यार्डातल्या हमालांसाठी तिनं कमरेचा पट्टा बनवला. पोतं उचलताना पाठ चुकीची वाकली की पट्टा गुरगुरायचा आणि आत त्याची नोंद व्हायची. भुसार बाजारातल्या अकरा जणांच्या टोळीत चौघांना नंबर घातलेले चार पट्टे दिले. पट्टे टोळीच्या खोलीत खुंटीवर असत. आम्ही दर शनिवारी जाऊन नोंदी उतरवून आणायचो. पाच महिने हे चाललं. तिची पीएचडी या नोंदींवर उभी होती आणि मुदत मार्चअखेर संपत होती.

फेब्रुवारीत आलेख काढले, तर चार नंबरच्या पट्ट्यातला माणूस सोमवारी लंगडत होता आणि मंगळवारी पंचविशीतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोळीचे मुकादम मच्छिंद्र अण्णा यांच्यासमोर जाऊन बसली.

"अण्णा, चार नंबर जयसिंगदादांना दिला होता ना?"

"दिला होता की."

"मग तेच बांधतात?"

"जयसिंगची पाठ धडधाकट हाय. त्यो कशाला बांधंल?" अण्णांना प्रश्नच विचित्र वाटला. "ज्याची दुखंल त्यो बांधतो. चांगली वस्तू एकट्यानं वापरायची व्हय ताई?"

लॅबमध्ये परत आल्यावर मी एक सल्ला दिला. विसंगत दिवस तेवढे गाळू, उरलेल्यांचा आलेख देखणा येतो, कुणाला कळणार आहे? दीक्षानं माझ्याकडे असं पाहिलं की मी सोल्डरिंग गन बंद केली. तिचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचे. "आमच्या घरात बिघडलेल्या मालाला चांगला म्हणत नाहीत," ती म्हणाली. "तो पुढं जाऊन फुटतो."

मग पुढचे आठ दिवस ती सकाळी साडेसहापासून यार्डात नुसती बसून राहिली. लॅपटॉप नाही, सेन्सर नाही. एक वही आणि मिरचीच्या धुरळ्यानं येणाऱ्या शिंका. आठव्या दिवशी तिला उलगडलं. ज्यानं पट्टा बांधला असेल, त्याच्या पाठीवर कुणी पोतं देत नव्हतं. त्याच्या हातात मुकाट्यानं दाभण यायचं, फाटकी पोती शिवायला. पाठ दुखते असं तोंडानं सांगायला या गड्यांना लाज वाटते. पट्टा बांधला की सांगावं लागत नाही आणि कुणी विचारतही नाही.

"आणि तो गुरगुरतो त्याचं काय?" तिनं अण्णांना विचारलं.

"त्याच्याकडं कोण ध्यान देतंय? दुखतंय हे आमाला ठावं असतंयच की."

ती गुरगुर माझ्या तीन महिन्यांची मेहनत होती. दीक्षानं वहीतलं ते वाक्य माझ्यासमोर दोनदा वाचून दाखवलं.

मार्चमध्ये ती पीएचडीच्या समितीपुढे उभी राहिली. मी मागे प्रोजेक्टरची वायर धरून बसलो होतो. पहिल्याच पानावर तिनं लिहिलं होतं की पाच महिन्यांच्या नोंदी वैयक्तिक निष्कर्षांसाठी निरुपयोगी आहेत. बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी चष्मा वर केला.

"म्हणजे पट्ट्यानं पाठदुखी कमी झाली की नाही, हे तुम्ही सांगू शकत नाही?"

"नाही सर. पट्टा एकाच माणसाचा असतो, हे मी त्यांना न विचारता धरून चालले. चूक माझी आहे."

"मग तुमच्या हातात उरलं काय?"

"कुणाची पाठ दुखतेय हे त्या टोळीला रोज न बोलता कळत होतं. पट्ट्याचा तो उपयोग त्यांनी शोधला, मी नाही. मला आता त्यावर काम करायचंय."

"हे आधीच का नाही मांडलंत?"

"आधी मला माहीत नव्हतं."

आम्हा दोघांना बाहेर बसवून समिती वीस मिनिटं बोलत राहिली. तेवढ्या वेळात तिनं बाटलीचं झाकण कितीदा लावलं आणि काढलं, ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी दार उघडलं. शीर्षक बदलायच्या अटीवर नऊ महिने वाढवून मिळाले होते.

ती जिन्यातच थांबली. आता आनंदाचं काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली.

"उद्या साडेसहाला मार्केट यार्ड," ती म्हणाली. "रोज कोण पट्टा बांधतो, ते आता आपण लिहायचं."

आपण म्हणजे कोण, हे विचारायची पद्धत आमच्या लॅबमध्ये नाही. मी गजर लावला.