उलटी फरशी

न्हाणीघराच्या फरशीचा जितका विचार आमच्या घरमालकांनी केला, तितका लोक मुलीच्या लग्नाचाही करत नाहीत. ऐंशीच्या दशकाची ती अखेर. धुळ्यात देवपूरच्या त्या घरात पुढच्या खोल्यांत नाना एकटे, मागच्या खोलीत मी भाडेकरू आणि न्हाणीघर दोघांत एक. पाटबंधारे खात्यात हयात घालवल्यामुळे नानांचा माणसांपेक्षा पाण्यावर अधिक विश्वास होता. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी मोरीचा ढाळ बघून येत आणि तोंड वाकडं करत. त्यात आदल्या वर्षी त्यांच्याच न्हाणीत त्यांची थोरली बहीण घसरून पडली. आई गेल्यावर नानांना वाढवलं ते या अक्कांनी. साक्रीकडच्या खेड्यात त्या एकट्या राहत, डोळ्यांनी अंधुक दिसे, आणि त्यांना कायमचं इकडे आणावं एवढी एकच इच्छा नानांना उरली होती. पण पडल्या त्याच दिवशी, "तुना घरमा मी ऱ्हावाव नही," असं सांगून अक्का परत गेल्या होत्या.

मग फरशीचा शोध सुरू झाला. दुकानदार रंग दाखवायचा, नाना चपला काढून फरशीवर उभे राहायचे. धुळ्याची दुकानं संपल्यावर ते एसटीने जळगावला जाऊन आले. पिशवीतून नमुने आणायचे, अंगणात मांडायचे, त्यावर साबणाचं पाणी ओतायचं आणि मला म्हणायचं, "साहेब, जरा उभे ऱ्हा." मी घसरलो की त्यांना समाधान वाटे. "ही बाद," म्हणत आणि पुढची मांडत. माझ्या हाडांची चौकशी त्यांनी एकदाही केली नाही.

शेवटी साधी शहाबादी ठरली, पण खडबडीत बाजू वर करून. मिस्त्रीने थापी खाली ठेवली. "नाना, लोके माले नावं ठेवतीन."

"लोके आठे आंग धोवाले येतीन का?" नानांनी विचारलं आणि पहिली फरशी स्वतः उलटी केली.

फार विनवल्यावर अक्का दोन दिवसांसाठी आल्या, एका पिशवीनिशी. त्या न्हाणीत गेल्या आणि नाना दाराबाहेर उभे राहिले. आत पाणी पडत होतं. मीही पेपर वाचल्यासारखं करत होतो, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. बऱ्याच वेळाने अक्का भिंत न धरता बाहेर आल्या, ओल्या पावलांनी अंगणात थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, गावथून मनी पेटी लई ये."

दुसऱ्या दिवशी नाना पेटी आणायला निघाले. जड असेल, मी येतो म्हटलं, तर नको म्हणाले. संध्याकाळी ती पेटी दोघं भावंडं मिळून आत नेत होती, आणि त्या घरात आपण भाडेकरू आहोत हे मला पहिल्यांदाच जाणवलं.